वाचकांचे प्रश्न : व्यवहार पुढे पाठवणाऱ्या नोडला काय मिळतं?

ब्लॉकचेनचे नोड (व्यवहार तपासून पुढे पाठवणारे संगणक) आणि त्यांचा मोबदला यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे उत्तर बिटकॉइनबद्दल आहे आणि सेटिंगचे आकडे बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरचे आहेत.

प्रश्न : मी बिटकॉइनचा पूर्ण नोड चालवतो. तो दिवसरात्र अनोळखी लोकांचे व्यवहार तपासून पुढे पाठवत असतो. शुल्क मात्र सगळं माइनरला, म्हणजे नवा ब्लॉक बनवणाऱ्याला, मिळतं. मग इतके नोड हे काम फुकट का करतात?

उत्तर : थेट मोबदला शून्य, हे बरोबर आहे. ३ जानेवारी २००९ रोजी नेटवर्क सुरू झालं तेव्हापासून हाच नियम आहे. ज्याला ब्लॉक सापडला त्याला नवी नाणी आणि त्या ब्लॉकमधल्या व्यवहारांचं शुल्क मिळतं. मधल्या वाहतुकीसाठी प्रोटोकॉलमध्ये कुठेही पैशांची तरतूद नाही.

तरी काम अडत नाही, कारण एका व्यवहाराची वाहतूक फार स्वस्त आहे. नोड शेजाऱ्याला, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या नोडला, आधी फक्त ३६ बाइटची सूचना पाठवतो : ४ बाइट प्रकार आणि ३२ बाइट हॅश, म्हणजे व्यवहाराची ओळखखूण. शेजाऱ्याकडे तो व्यवहार नसेल तरच तो पूर्ण मजकूर मागतो. एक इनपुट आणि दोन आउटपुट असलेला साधा सेगविट (सह्या वेगळ्या भागात ठेवणाऱ्या पद्धतीचा) व्यवहार सव्वादोनशे बाइटांच्या आसपास भरतो.

शिवाय नोडचा स्वतःचाही फायदा असतो, पण तो नेमका कशात आहे हे नीट वेगळं करून पाहायला हवं. मेमपूल, म्हणजे अजून ब्लॉकमध्ये न गेलेल्या व्यवहारांचा नोडकडचा साठा, भरलेला असला की नवा ब्लॉक लवकर उलगडतो. २०१६ पासून वापरात असलेल्या कॉम्पॅक्ट ब्लॉक पद्धतीत प्रत्येक व्यवहाराऐवजी ६ बाइटची छोटी खूण येते आणि नोड आपल्या मेमपूलमधून ब्लॉक जुळवतो. सह्या आधीच तपासलेल्या असतात, म्हणून पडताळणीही झटपट होते. किती शुल्क लावावं याचा अंदाजही त्याच मेमपूलवरून बांधला जातो. हे दोन्ही फायदे मोठे आहेत, पण ते व्यवहार *घेण्याचे* आहेत. घेऊन पुढे न पाठवणाऱ्या नोडलाही ते पूर्ण मिळतात.

पुढे पाठवण्याचे म्हणावेत असे फायदे दोनच. पहिला गोपनीयतेचा. तुमचा नोड हजारो परके व्यवहार पाठवत असेल, तर त्यातला तुमचा कोणता हे शेजाऱ्याला सहज ओळखता येत नाही. शिवाय प्रत्येक सूचनेआधी नोड मुद्दाम थोडा थांबतो. आपण जोडलेल्या शेजाऱ्यांसाठी ही वाट सरासरी २ सेकंदांची असते आणि बाहेरून आपल्याला येऊन मिळालेल्यांसाठी ५ सेकंदांची. दुसरा फायदा फारसा कुणी सांगत नाही. एखाद्या नोडच्या आत येणाऱ्या जोडण्या भरल्या की नव्याला जागा देण्यासाठी तो जुन्यांपैकी एकाला काढतो. त्या छाटणीत ज्या चार शेजाऱ्यांनी अगदी अलीकडे नवे, ग्राह्य व्यवहार आणून दिले त्यांना हात लावला जात नाही. म्हणजे काम करणाऱ्याची जागा टिकते. पैशात मोजता येणार नाही, पण प्रोत्साहन आहे.

प्रश्न : मग प्रत्येक व्यवहाराच्या शुल्कातला थोडा वाटा, समजा १ टक्का, वाटेतल्या प्रत्येक नोडला देण्यात अडचण काय? हे काम तर सॉफ्टवेअरच करू शकेल.

उत्तर : हा प्रश्न सर्वांत जास्त पत्रांत आला आहे. अडचणी तीन आहेत आणि तिसरी सर्वांत कठीण.

पहिली अडचण पुराव्याची. व्यवहार कोणत्या वाटेने आला हे माइनरला कळायचं तर प्रत्येक नोडने आपली सही जोडायला हवी. ६४ बाइटची सही आणि ३३ बाइटची सार्वजनिक किल्ली मिळून एका टप्प्याला ९७ बाइट होतात. सहा टप्प्यांचे ५८२ बाइट झाले, म्हणजे मूळ व्यवहाराच्या अडीचपट कागदपत्रं. पैसे वाटायचे तर ही नोंद ब्लॉकमध्येही कुठेतरी यावी लागेल. ब्लॉकमधली जागा हीच या व्यवस्थेतली सर्वांत महाग वस्तू आहे, ती वाहतुकीच्या पावत्यांवर खर्च होईल.

दुसरी अडचण गोपनीयतेची. सह्यांची साखळी उलटी वाचली की व्यवहार पहिल्यांदा कुठून निघाला ते उघड होतं. वर सांगितलेला पुढे पाठवण्याचा मोठा फायदाच त्यामुळे जातो.

तिसरी अडचण खोट्या ओळखींची. नवी किल्ली बनवायला काहीच लागत नाही. तुमचा नोड व्यवहार आपल्याच दहा बनावट नोडांमधून फिरवून मग पुढे पाठवेल आणि १ टक्क्याऐवजी ११ टक्के मागेल. या हल्ल्याला सिबिल हल्ला म्हणतात. ५ डिसेंबर २००९ रोजी अमेरिकेत डार्पा या संस्थेने दहा लाल फुगे देशभर लावले आणि ते शोधणाऱ्याला ४०,००० डॉलरचं बक्षीस ठेवलं होतं. जिंकणाऱ्या एमआयटीच्या चमूने नऊ तासांच्या आत सगळे फुगे शोधले. त्यांची वाटणी अशी होती : फुगा पाहणाऱ्याला २,००० डॉलर, त्याला चमूत आणणाऱ्याला १,०००, त्याला आणणाऱ्याला ५००. आता फुगा पाहणाऱ्याने आधी एका खोट्या नावाने नोंदणी केली आणि त्या नावाने स्वतःलाच आमंत्रण दिलं, तर त्याचे २,००० चे ३,००० होतात. माणसांच्या स्पर्धेत हे खपून गेलं असतं. पण ओळख फुकट असलेल्या नेटवर्कवर पहिल्याच दिवशी सगळे तेच करतील.

मोशे बाबायॉफ, शाहार डोब्झिन्स्की, सिगल ओरेन आणि अविव झोहर यांनी २०१२ साली हाच धागा पकडून बिटकॉइनसाठी एक वाटणी मांडली. तिचा गाभा असा : साखळी ठरावीक लांबीपेक्षा मोठी झाली तर मधल्या कुणालाच काही मिळत नाही. साखळी त्या मर्यादेत असेल तर मधल्या प्रत्येकाला सारखा छोटा वाटा मिळतो. ब्लॉक बनवणाऱ्याचा वाटा मात्र साखळी जितकी लांब तितका घटत जातो. खोटी नावं घुसवून साखळी ताणली की तिच्याच शेवटच्या टोकाचं आकर्षण कमी होतं, म्हणून लबाडीचा फायदा मावळतो. कल्पना सुंदर आहे. पण तिचं गणित झाडासारख्या, फांद्या-उपफांद्यांच्या नेटवर्कवर बसवलेलं आहे. खऱ्या नेटवर्कची जाळी वेडीवाकडी असते, एकच व्यवहार अनेक वाटांनी येतो आणि पहिल्या दोन अडचणी तशाच राहतात. आमच्या मते बिटकॉइनमध्ये ही वाटणी न आणणंच योग्य ठरलं आहे.

प्रश्न : एखाद्या माइनरने चांगल्या शुल्काचा व्यवहार पुढे न पाठवता दाबून ठेवला, तर त्याचा फायदाच नाही का?

उत्तर : तो व्यवहार फक्त त्याच्याकडेच असेल तर फायदा आहे, आणि मोठा आहे. समजा त्याच्याकडे नेटवर्कची ५ टक्के गणनशक्ती आहे आणि शुल्क १०,००० सातोशी (बिटकॉइनचं सर्वांत लहान एकक) आहे. व्यवहार सगळ्यांना माहीत असेल तर त्याच्या वाट्याला सरासरी ५०० सातोशी येतात. दाबून ठेवला तर सरासरी वीस ब्लॉकांनंतर, म्हणजे साधारण तीन तास वीस मिनिटांनी, पूर्ण १०,००० त्याचेच.

हे सहसा घडत नाही, कारण 'फक्त त्याच्याकडेच' ही अटच पुरी होत नाही. बिटकॉइन कोअर स्वतःहून आठ शेजाऱ्यांशी पूर्ण देवाणघेवाणीची जोडणी करतं आणि व्यवहार त्या सगळ्यांना कळवतं. आठांपैकी एकाने जरी पुढे पाठवला तरी दाबणाऱ्याचा डाव फसतो. बहुतेक नोड माइनिंग करतच नाहीत, त्यांना दाबून काहीच मिळत नाही.

धोका हलक्या वॉलेटना आहे. काही वॉलेट एकाच सर्व्हरला व्यवहार देतात. तो सर्व्हर बंद असला, सदोष असला किंवा त्याने मुद्दाम रोखलं, तर वॉलेटमध्ये 'पाठवला' असं दिसतं आणि बाहेर कुणालाच पत्ता नसतो. व्यवहार पाठवल्यावर मिनिटभराने त्याचा आयडी दोन वेगवेगळ्या ब्लॉक एक्सप्लोररवर (व्यवहार शोधून दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर) शोधा. दोन्हीकडे नसेल तर वॉलेटमधून सही केलेला कच्चा व्यवहार हेक्स रूपात काढा आणि दुसऱ्या सर्व्हरवरून किंवा स्वतःच्या नोडवरून 'सेंडरॉट्रान्झॅक्शन' आज्ञेने पाठवा. तोच व्यवहार पुन्हा पाठवल्याने पैसे दोनदा जात नाहीत. मात्र एक्सप्लोररवर शोधताना तुमचा आयपी पत्ता आणि तो व्यवहार यांची सांगड घालता येते. ते टाळायचं असेल तर टॉर हे आयपी पत्ता लपवणारं नेटवर्क वापरा.

प्रश्न : 'किमान रिले शुल्क' म्हणजे नोडला मिळणारं शुल्क ना?

उत्तर : नाही. ते पैसेही माइनरचेच. नोड फक्त अट घालतो की व्यवहाराने इतका दर तरी दिलेला असावा, नाहीतर मी तो हातातच धरणार नाही. कारण फुकट व्यवहारांचा पूर आणून नेटवर्कची बँडविड्थ जाळणं कुणालाही परवडलं असतं. पूर्वी हा दर मूळ सेटिंगमध्ये दर व्हर्च्युअल बाइटला (शुल्कासाठीचं आकाराचं माप, त्यात सह्यांचे बाइट कमी धरले जातात) १ सातोशी होता. आवृत्ती ३० मध्ये तो ०.१ आहे.

त्याच्यावर एक हलता दर असतो. मेमपूलची मर्यादा मुळात ३०० एमबी आहे, आणि हा आकडा मेमरीतल्या जागेचा आहे, व्यवहारांच्या मूळ बाइटांचा नाही. ती भरली की सर्वांत स्वस्त व्यवहार बाहेर फेकले जातात, दर वर चढतो आणि नोड तो शेजाऱ्यांना कळवतो, म्हणजे त्याखालचे व्यवहार ते पाठवतच नाहीत. 'गेटमेमपूलइन्फो' आज्ञा दिल्यावर दोन्ही दर वेगवेगळे दिसतात. ३३६ तास, म्हणजे १४ दिवस, पडून राहिलेला व्यवहारही काढून टाकला जातो.

आपला किमान दर वाढवून ठेवल्याने कमाई होत नाही. उलट जे व्यवहार ब्लॉकमध्ये येणारच आहेत ते तुमच्याकडे नसतात, आणि प्रत्येक ब्लॉकला ते वेगळे मागवावे लागतात.

प्रश्न : माझा व्यवहार १ सातोशीच्या दराने अडकला आहे. शुल्क वाढवलं की पुढचे नोड तो नक्की उचलतील का?

उत्तर : नियम पाळून वाढवलं तर उचलतील. समजा व्यवहार १४१ व्हर्च्युअल बाइटचा आहे आणि शुल्क १४१ सातोशी आहे. बदली व्यवहाराचं, म्हणजे तीच नाणी वापरून जास्त शुल्काने पुन्हा केलेल्या व्यवहाराचं, एकूण शुल्क आधीच्यापेक्षा जास्त हवं, आणि ती वाढ नव्या व्यवहाराच्या वाहतुकीपुरती असावी लागते. जुन्या आवृत्तीचे नोड ही वाढ दर व्हर्च्युअल बाइटला १ सातोशी धरतात, म्हणून किमान २८२ सातोशी ठेवा. प्रत्यक्षात त्या वेळचा चालू दर पाहूनच आकडा ठरवा. किमानाने व्यवहार मेमपूलमध्ये राहील, ब्लॉकमध्ये जाईलच असं नाही. आवृत्ती २८ पासून बदली व्यवहार मुळातच स्वीकारले जातात, आधीच्या व्यवहारात तशी खूण केलेली नसली तरी.

पैसे तुम्हाला यायचे असतील तर बदली तुमच्या हातात नाही. तेव्हा आलेल्या आउटपुटमधून पोटव्यवहार करा आणि त्यावर दोघांचं मिळून शुल्क भरा. मूळ १४१ आणि पोटव्यवहार ११० मिळून २५१ व्हर्च्युअल बाइट होतात. १० चा दर हवा असेल तर एकूण २,५१० सातोशी लागतील. १४१ आधीच भरलेले आहेत, म्हणून पोटव्यवहारावर २,३६९ लावा. इथे नेहमी चुकणारी गोष्ट अशी : मूळ व्यवहार मेमपूलच्या हलत्या दराखाली जाऊन बाहेर फेकला गेला असेल, तर जुने नोड पोटव्यवहाराला बाप सापडत नाही म्हणून तोही नाकारतात. आवृत्ती २८ पासूनचे नोड एक मूळ आणि एक पोट अशी जोडी एकत्र तोलतात. तरी साधारणपणे मूळ व्यवहाराने स्थिर किमान दर दिलेला असावा लागतो.

प्रश्न : नोडमुळे महिन्याचा डेटा फार जातो. व्यवहार पुढे पाठवणं बंद करू का?

उत्तर : आधी डेटा कशात जातो ते पाहा. दिवसाला ४ लाख व्यवहार, सरासरी ५०० बाइटचे, असे धरले तर त्यांचा मजकूर २०० एमबी होतो. आठ शेजाऱ्यांना ३६ बाइटच्या सूचना म्हणजे आणखी ११५ एमबी. बाहेरच्यांसाठी दार उघडं ठेवून सुमारे १२२ जोडण्या भरल्या तर नुसत्या सूचनाच पावणेदोन जीबी होतात. सूचनांचं हे ओझं कमी करण्यासाठी २०१९ मध्ये एर्ले ही पद्धत मांडली गेली. तीत शेजारी आपापल्या याद्यांमधला फरक तेवढा काढतात. मांडणाऱ्यांच्या मोजणीनुसार नोडची सुमारे ४० टक्के बँडविड्थ वाचते, पण ती अजून सर्रास वापरात आलेली नाही.

मात्र डेटा खाणारं मोठं तोंड बहुधा वेगळंच असतं : नव्या नोडांना पुरवलेला जुना इतिहास. एका नव्या नोडने सगळी साखळी तुमच्याकडून उतरवली तर शेकडो जीबी जातात. म्हणून 'मॅक्सअपलोडटार्गेट' लावा. मर्यादा जवळ आली की नोड आठवड्यापेक्षा जुने ब्लॉक देणं थांबवतो, व्यवहार मात्र चालू राहतात. तेवढ्याने भागलं नाही तर 'लिसन' शून्य करून बाहेरून येणाऱ्या जोडण्या बंद करा.

'ब्लॉक्सओन्ली' हा शेवटचा उपाय. त्यात शेजाऱ्यांकडून व्यवहार येणं बंद होतं, मेमपूल रिकामा राहतो, शुल्काचा अंदाज निकामी होतो. आणि अशा नोडवरून एखादा व्यवहार निघाला तर तो तुमचाच, हे शेजाऱ्याला लगेच कळतं. त्या नोडवर वॉलेट वापरत असाल तर ही सेटिंग लावू नका.

प्रश्न : लाइटनिंगमध्ये (बिटकॉइनवर बांधलेल्या झटपट देयकांच्या नेटवर्कमध्ये) मधल्या नोडला शुल्क मिळतं. तिथे जमतं ते इथे का नाही?

उत्तर : कारण तिथे वाट पाठवणारा आधीच ठरवतो आणि मधल्याला आपलं भांडवल अडकवावं लागतं. १ लाख सातोशी पुढे न्यायचे आहेत, मधल्याचं मूळ शुल्क १ सातोशी आहे आणि दर दशलक्षामागे १०० आहे, असं धरा. त्याच्याकडे १,००,०११ येतात, पुढे १,००,००० जातात, ११ त्याचे. शेवटच्या माणसाने पैसे सोडवणारं गुपित उघड केल्याशिवाय कुणालाच काही मिळत नाही. एखाद्याने मध्ये आपलेच दहा खोटे नोड घातले तर ती वाट महाग होते आणि पाठवणारा दुसरी निवडतो. शिवाय प्रत्येक खोट्या चॅनेलमध्ये (दोन नोडांमधल्या जोडणीत) खरे पैसे कोंडावे लागतात. बिटकॉइनच्या मूळ थरावर व्यवहार सगळ्यांनाच पोचवायचा असतो, वाट कुणी निवडतच नाही.

लाइटनिंगचंही दुखणं आहे : अयशस्वी झालेल्या व्यवहाराचं शुल्क शून्य. मुद्दाम अर्धवट व्यवहार सोडून इतरांचं भांडवल तासन् तास अडकवता येतं, आणि त्याचा फुकट मार मधला नोड खातो.

प्रश्न : आता पैसे देऊन व्यवहार थेट माइनरला देता येतो म्हणे. मग पुढे पाठवणाऱ्या नोडांची गरज उरेल का?

उत्तर : आम्हाला खरी काळजी याच गोष्टीची वाटते. फुकट काम करणारे कंटाळून निघून जातील ही भीती कमी आहे. त्यांना वगळून रस्ता पडला तर नुकसान जास्त होईल.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी जवळजवळ ४ एमबीचा एकच व्यवहार ब्लॉकमध्ये आला. नोडांच्या नेहमीच्या नियमांत इतका मोठा व्यवहार पुढे सरकतच नाही, तो थेट माइनरकडे दिला गेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅरेथॉन डिजिटल या माइनिंग कंपनीने स्लिपस्ट्रीम नावाची अशीच थेट सेवा उघडली. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवर तर ही जुनी गोष्ट आहे. तिथे उघड्या मेमपूलमधली खरेदी पाहून तिच्या पुढे-मागे आपले सौदे लावणारे बॉट असतात. म्हणून फ्लॅशबॉट्ससारख्या वाटांनी व्यवहार थेट ब्लॉक बांधणाऱ्यांकडे जातात. वापरणाऱ्याचं त्यात संरक्षण होतं हे मान्य. पण तो व्यवहार कुणाला आणि केव्हा दाखवायचा हे मोजक्या हातांत जातं.

बिटकॉइनमध्ये याचे परिणाम सरळ आहेत. खासगी व्यवहार नोडांच्या मेमपूलमध्ये नसतात, म्हणून कॉम्पॅक्ट ब्लॉक जुळवताना ते अडतात आणि पुन्हा मागवण्याची एक फेरी वाढते. तो वेळ ब्लॉक बनवणाऱ्या मोठ्या माइनरला फुकट मिळतो, कारण बाकीचे तोवर जुन्याच ब्लॉकवर खपत असतात. शुल्काचा अंदाजही चुकतो, कारण मेमपूलबाहेर दिलेले पैसे नोडला दिसत नाहीत. आणि छोट्या माइनरकडे हे व्यवहार येतच नाहीत. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे नवी नाणी ३.१२५ आहेत आणि दर २,१०,००० ब्लॉकांनी ती निम्मी होत जातील. तसतसं शुल्क हाच माइनरचा मुख्य आधार होईल आणि हा फरक त्याला अधिक टोचेल.

बिटकॉइन कोअरच्या ३० व्या आवृत्तीत व्यवहारात जोडायच्या माहितीची रिले मर्यादा ८३ बाइटवरून १,००,००० वर नेली, त्यामागे हाही विचार होता : ब्लॉकमध्ये जे येणारच आहे ते उघड्या मेमपूलमधूनच यावं. त्यावर मोठा वाद झाला आणि अनेकांनी त्याऐवजी कडक गाळणीचं बिटकॉइन नॉट्स हे दुसरं नोड सॉफ्टवेअर निवडलं. आमचं मत पहिल्या बाजूचं आहे. नोडने गाळलेला व्यवहार थांबत नाही, तो खिडकी बदलतो, आणि ती दुसरी खिडकी फक्त मोठ्यांकडे असते.

आपल्या नोडला यातलं किती दिसतं ते तपासता येतं. बिटकॉइन कोअरच्या 'डीबग' नोंदीत 'सीएमपीसीटीब्लॉक' विभाग चालू करा. प्रत्येक ब्लॉकमागे किती व्यवहार मेमपूलमधून मिळाले आणि किती मागवावे लागले याची ओळ येते. मागवाव्या लागलेल्यांचा आकडा सतत मोठा येत असेल तर आधी आपला किमान दर आणि ३०० एमबीची मर्यादा पाहा. त्या मूळ सेटिंगवर असूनही तीच स्थिती राहिली तर कारण बाहेर आहे असं समजा.